कडुनिंबापासून हौदापर्यंत

मोमिनाबादच्या जुन्या रिसाल्याच्या लायनीत एक कडुनिंब होता आणि त्याच्यासमोर घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद. मधले अंतर मी तीनदा मोजले आहे. माझ्या पावलांनी ते एकशे बारा भरते. मानाजी दफेदारांना मी हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "पावलं घोड्याची मोजतेत. मानसाचा दम मोजावा." त्यांच्या मापाने ते अंतर सात होते. सात श्वास.

आज ज्याला अंबाजोगाई म्हणतात, त्या गावाचे सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद होते. निजामाच्या राज्यातले हे गाव घोडदळाची छावणी म्हणून ओळखले जाई. पुढे रिसाला हलला. घोडे गेले, बिगूल बंद झाला. पागांच्या भिंती, हौद आणि काही पेन्शनर मागे राहिले. मानाजी दफेदार त्यांतले एक. दफेदार म्हणजे घोडदळातला हवालदार. लायनीच्या टोकाला दोन खोल्यांत ते आणि त्यांच्या पत्नी सारजाबाई राहत. मागच्या पडवीत एक म्हातारी घोडी बांधलेली असे.

मी त्यांना प्रथम पाहिले तेव्हा त्यांची साठी उलटली होती. ते जमिनीवर मांडी घालून बसत आणि हात न टेकता उठत. एवढे सोडले तर त्यांच्यात नजरेत भरण्यासारखे काही नव्हते. ठेंगणा बांधा, विरळ मिशा, कोपरावर ठिगळ लावलेला खाकी कोट. प्रश्न विचारला की ते लगेच उत्तर देत नसत. आधी श्वास पूर्ण सोडत, मग बोलत. नवख्या माणसाला ते बहिरे वाटत. तहसील कचेरीतल्या एका कारकुनाने त्यांना एकदा तोच प्रश्न तीनदा, दर वेळी आवाज चढवून विचारला. दफेदार म्हणाले, "ऐकू येतंय, मुन्शीजी. उत्तर वाटंत हाय."

योग त्यांच्याकडे कसा आला, ही हकीकत मला सारजाबाईंनी सांगितली. भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली मेख उचलण्याचा खेळ रिसाल्यात चाले. एका खेळात मेख उचलली गेली, पण घोडी बुजली आणि दफेदार पाठीवर पडले.

"पलटणीच्या डाक्टरनं सांगितलं, जिता ऱ्हाईल पर उभा ऱ्हानार न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. "चार महिने बाजंवर हुते. मी म्हनलं, छताकडं बघत मरन्यापरीस देवाच्या दारात मरा. चौघांनी बाज उचलली अन् हत्तीखान्यात नेऊन ठिवली."

हत्तीखाना म्हणजे गावाजवळची कोरीव लेणी. तिथे त्या वर्षी एक गोसावी चातुर्मासासाठी उतरला होता.

"आमाला वाटलं अंगारा देईल. अंगारा कुठला! आमच्यावरच रागं भरला. म्हनला, ह्यो मानूस दम धरून पडलाय. पाठ ऱ्हाऊ द्या, आदी ह्याला दम सोडाया शिकवा."

चातुर्मास संपेपर्यंत दफेदार श्वास सोडायला शिकले. मग बोटे, मग घोटे, मग गुडघे, सगळ्यांत शेवटी पाठ. दीड वर्षाने ते स्वतःच्या पायांनी छावणीत परत आले. तोवर गोसावी निघून गेला होता. त्याचे नाव त्यांना माहीत नव्हते. त्याला ते गुरू म्हणत. स्वतःला म्हणू देत नसत. "आमी सईस," ते म्हणत, म्हणजे घोड्याची निगा राखणारे. "घोडा तुमचा हाय, बसायचं तुमी. खरारा कसा करायचा तेवढं आमी दावतो."

त्यांच्या शिकवण्यात संस्कृत शब्द फार थोडे होते. भुजंगासनाला ते नाग म्हणत. गुडघे छातीशी घेऊन पडण्याला गाठोडं. उताणे पडून सगळे अंग सैल सोडण्याला गोसावी जो शब्द वापरी तो होता मढं. गावातल्या बायकांना तो खपला नाही. सकाळी उठून कोण आपल्या नवऱ्याला मढं हो म्हणून पाठवील? दफेदारांनी चार दिवस विचार केला आणि नाव बदलले. तेव्हापासून त्या आसनाचे नाव 'जीन उतरवणे' पडले. दिवसभर पाठीवर खोगीर वागवलेल्या घोड्याची जीन उतरवली की तो अंग झाडतो आणि एक लांब श्वास सोडतो. तो श्वास आला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. तो येईपर्यंत ते कोणाला उठू देत नसत.

माझा या माणसाशी संबंध आला तो माझ्या थोरल्या भावामुळे. अण्णा मोमिनाबादच्या कोर्टात वकील होते. मी सोलापूरला एका साप्ताहिकात उपसंपादक होतो आणि रजा मिळाली की बार्शीवरून गावी येत असे. अण्णांना दमा होता. कोर्टाचे काम उर्दूत चाले, आणि बहस उभ्याने करावी लागे. अण्णांचे उर्दू उत्तम होते. श्वास पुरत नसे. ऐन मुद्द्यावर छाती भरून येई, वाक्य तुटे, आणि मुन्सिफ पुढची तारीख देत. विरुद्ध बाजूच्या वकिलांना हे कळले होते. ते अण्णांविरुद्धची कामे पौष-माघाच्या थंडीत लावून घेत. एकेक पक्षकार गळू लागला होता. चाळिशीच्या आत अण्णांची वकिली संपणार, हे गावात उघड बोलले जाई आणि घरात कोणी बोलत नसे.

दफेदारांकडे जायला वहिनींचा विरोध होता. "नाक धरून बसलेला माणूस घरात राहत नाही, भावजी," त्या मला म्हणाल्या. ही समजूत तेव्हा सार्वत्रिक होती. योग हा बैराग्यांचा. संसारी माणसाने केला तर तो संसारातून उठतो. ती सारजाबाईंच्या कानावर गेली तेव्हा त्या स्वतः आमच्या घरी आल्या.

"बाई, माजा मानूस तीस वर्सं नाक धरून बसलाय," त्या वहिनींना म्हणाल्या. "चुलीवरली भाकर गरम हाय तवर तो कुटं जात न्हाई. आन भाकर गार झाली तर बोंबलत घरातच येतो."

वहिनी हसल्या. अण्णा दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागले.

पहिले तीन आठवडे दफेदारांनी काही शिकवले नाही. फक्त विचारले. काल दम कधी लागला? कुठे बसला होता? काय खाल्ले होते? कोण समोर होते? त्यांना लिहिता येत नव्हते. सगळे डोक्यात ठेवत. पहिल्याच दिवशी त्यांनी पाहिले की घोडी बांधलेल्या पडवीजवळ अण्णा खोकतात. "वकीलसाब, घोड्याच्या केसानं तुमची छाती भरती. तुमी हिकडं याचं न्हाई," ते म्हणाले आणि बैठक कडुनिंबाखाली नेली. तीन आठवड्यांनी त्यांनी निष्कर्ष सांगितला: जुन्या कामांच्या कागदांचे बस्ते ज्या दिवशी सोडले जातात त्या दिवशी दमा हटकून येतो. धूळ. पुढे बस्ता बाहेर झाडून आत आणायचा, अशी ताकीद कारकुनाला देण्यात आली. औषधाबद्दल त्यांचे मत पक्के होते. डॉक्टरांची बाटली एक दिवस चुकली तरी ते शिकवत नसत. "पागंत सईस बी लागतो आन सालोत्री बी," ते म्हणत. सालोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य.

मग चालणे सुरू झाले. कडुनिंबापासून हौदापर्यंत, नेहमीच्या चालीने, श्वास मोजत. पहिल्या दिवशी अण्णांचे एकेचाळीस भरले आणि दोनदा थांबावे लागले.

नियम तीन होते. आकडा खरा सांगायचा. घटला तर शाबासकी नाही. वाढला तर रागावणे नाही. आकडा घटवण्यासाठी श्वास रोखून धरायला मात्र सक्त मनाई होती. "लगाम ओडून धरला की घोडा तोंड टाकतो. सैल सोडा. निसता सोडायचा. घ्यायची काळजी तुमची न्हाई, घेनारा घेतोय."

अण्णा वकील होते. दुसऱ्या महिन्यात त्यांनी एका सकाळी हौदाशी पोचून चोवीस सांगितले.

दफेदारांनी श्वास सोडला. "पंचवीस. त्या दगडापाशी एक चोरला तुमी."

"तो लहान होता, दफेदार. पुरता नव्हता."

"चोरी लहान म्हनून सुटती का तुमच्या कोर्टात?"

अण्णा परत कडुनिंबापाशी गेले आणि पुन्हा चालले. या वेळी सव्वीस भरले. त्यांनी सव्वीस सांगितले.

आकडा एकाएकी वाढला तर दफेदार छातीबद्दल विचारत नसत. घरी काय झाले ते विचारत. भांडण झाले असले की दुसऱ्या सकाळी तीन-चार श्वास जास्त लागत. वहिनींना हे कळल्यावर त्या दारातच विचारू लागल्या, "आज किती?" आणि आकडा मोठा असला तर, "माझं नाव सांगितलं नाहीत ना तिथं?" मला स्वतःला हे निरीक्षण महत्त्वाचे वाटते. अण्णांच्या दम्याचा निम्मा भाग दम्याचा होता आणि निम्मा दमा येईल या भीतीचा, हे डॉक्टरांच्या लक्षात आले नव्हते. दफेदारांच्या आले. "घोडा सावलीला भितो," ते म्हणाले. "सावली त्याला काय करती? काय न्हाई. पर ती टाळाया जातो आन खड्ड्यात पडतो."

त्यांच्याकडे येणारे सगळेच आजारी नव्हते. महसूल खात्यातले एक गिरदावर येत असत. रागीट म्हणून त्यांची ख्याती होती आणि डोके कायम दुखे. दफेदारांनी त्यांना एकच गोष्ट दिली: बोलण्याआधी एक श्वास पूर्ण सोडायचा. तीन महिन्यांनी मी त्यांच्या शिपायाला विचारले, साहेबांत काही फरक?

"हाय ना. पैले शिव्या देयाचे अन् मग दम लागायचा," शिपाई म्हणाला. "आता आदी फुस्सकन सोडतेत, मग देतेत. निम्म्या त्यातच इसरतेत."

वहिनींचीही नोंद इथे केली पाहिजे. त्यांचे मूल दोन वर्षांपूर्वी गेले होते आणि तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती. त्याबद्दल त्या कोणाशी बोलत नसत. बायका पुरुषांत बसत नसल्यामुळे त्यांना सारजाबाई मागच्या अंगणात शिकवत. एके दुपारी 'जीन उतरवताना' वहिनींना तो लांब श्वास आला, आणि त्यापाठोपाठ रडू. सारजाबाईंनी त्यांना उठवले नाही, समजूतही घातली नाही. शेजारी बसून जोंधळे निवडत राहिल्या. दोन तासांनी वहिनी घरी आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, मी आज झोपले होते."

वर्ष भरता भरता अण्णांचा आकडा अकरावर आला. दमा गेला नव्हता. तो येत असे, पण कमी वेळा. आणि आला तरी अण्णा घाबरत नसत. बसत, कोपर गुडघ्यांवर टेकत, ओठ आवळून हळूहळू श्वास सोडत राहत, आणि काही वेळाने तो उतरे. औषध चालू होते. वस्तुस्थिती ही एवढी होती, आणि ती मला पूर्ण माहीत होती.

सोलापूरला परतल्यावर मी बातमी लिहिली. हेतू कृतज्ञतेचा होता, हे मी बचाव म्हणून सांगत नाही. नोंद म्हणून सांगतो. तिच्यात अशी वाक्ये होती: 'येथील एका निवृत्त दफेदारांच्या योगशिक्षणाने एका नामांकित वकिलांचा जुनाट दमा समूळ नाहीसा झाला आहे. शंभर पावलांस ज्यांना चाळीस श्वास लागत, ते आता तेवढे अंतर एका श्वासात चालून जातात.' अकरा हा आकडा वाचकाच्या लक्षात राहणार नाही, असे मला वाटले. एक राहील. संपादकांनी मजकूर चौकटीत घातला.

परिणाम लगेच दिसला. अण्णांचे दोन जुने पक्षकार परत आले, एक नवा आला. वहिनींचे पत्र आले की घरात खूप दिवसांनी बरे वातावरण आहे. दफेदारांच्या दारातही माणसे येऊ लागली. लकवा झालेले, मूल नसलेले, साप चावून बरे झालेले पण खात्री करून घ्यायला आलेले. मी नाताळच्या रजेत गेलो तेव्हा सारजाबाई मला दारातच म्हणाल्या, "अखबारवाले दादा, आमच्या दारात ही जत्रा कुनी भरवली हो?" मी हसलो.

त्याच रजेत, एका दुपारी, नांदूरघाटहून एक बैलगाडी आली. बाबू नावाचा शेतकरी आपल्या आईला घेऊन आला होता. म्हातारी गाडीत पुढे वाकून, दोन्ही हात टेकून बसली होती. ओठ निळसर पडले होते. तिला बोलता येत नव्हते.

दफेदारांनी बाबूला विचारले, "दवा कंची चालू हाय?"

"बंद केली जी. चार दिस झाले," बाबू म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. "दुकानदारानं अखबार वाचून दावला. एका दमात चालतेत म्हने वकीलसाब. म्हनलं, आता बाटली कावून पाजायची? खळ्यात रिती केली."

दफेदारांनी श्वास सोडला. त्या वेळी तो सोडायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"सारजा, खोगीर आन. झाडून आन."

सारजाबाईंनी खोगीर अंगणात आपटून, वर जाड वाकळ टाकून आणले. दफेदारांनी ते म्हातारीच्या पुढ्यात ठेवले, तिला त्याच्यावर ओणवे टेकवले आणि तळहात तिच्या पाठीवर ठेवला. "आजे, घ्यायचा न्हाई. सोडायचा. फुंकर मारल्यागत. सोड. सोड." मग मान न वळवता मला म्हणाले, "अखबारवाले, टांगा आना. हिला शिकवायचं न्हाई, दवाखान्यात न्यायचं."

मी टांगा आणला. वाटभर दफेदार म्हातारीच्या पाठीवर हात ठेवून 'सोड, सोड' म्हणत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून एकच विचारले: "औषध कोणाच्या सांगण्यावरून बंद केलं?" बाबूने सांगितले, अखबाराच्या. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, कारण ते लिहिणारा मी, हे त्याला माहीत नव्हते. मीही काही बोललो नाही. ही गोष्टही नोंदवली पाहिजे.

म्हातारी त्या दिवशी वाचली. दुसऱ्या दिवशी वाचेल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते.

दुसऱ्या सकाळी कडुनिंबाखाली अण्णा आणि मी होतो. आलेल्या बाकी लोकांना दफेदारांनी परत पाठवले होते. "तो कागद आना," ते मला म्हणाले. "वाचा. हळू वाचा."

मी वाचले. शेवटच्या वाक्यावर त्यांनी बोट वर केले. "एक?"

"हो."

"अकरा हुते. एक कावून लिवलं?"

मी सांगायला लागलो की वर्तमानपत्रात आकडा असा असावा लागतो की वाचकाच्या मनात तो... त्यांनी मला पूर्ण बोलू दिले. मग श्वास सोडला.

"मंग बाकीचे धा दम कुटं गेले? त्या म्हातारीच्या छातीतून काडले तुमी."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी आजवर पुष्कळ संपादकांची बोलणी खाल्ली आहेत. त्यांतले एकही वाक्य मला शब्दशः आठवत नाही. हे आठवते.

"दुरुस्ती लिहितो," मी म्हणालो. आणि मग अण्णांकडे पाहिले, कारण ती दुरुस्ती माझी नव्हती, त्यांची होती. समूळ नाहीसा झालेला दमा परत त्यांच्या छातीत घालायचा होता. परत आलेले पक्षकार ती वाचणार होते. विरुद्ध बाजूचे वकीलही.

अण्णांनी हौदाकडे पाहिले. "लिही," ते म्हणाले. "अकरा लिही. दमा आहे, औषध चालू आहे, हेही लिही."

संध्याकाळी वहिनींनी विचारले, "आणि पक्षकार?"

"जातील," अण्णा म्हणाले. "कोर्टात धाप लागून खोटा ठरण्यापेक्षा आज घरी बसून खरा ठरलेला बरा."

सोलापूरला संपादकांची समजूत घालायला मला आठ दिवस लागले. त्यांच्या मते मी चूक केलेली नव्हती, फक्त मजकूर सजवला होता. अखेर दुरुस्ती शेवटच्या पानावर, बारीक टायपात छापून आली. माझ्या नावावरची ती पहिली दुरुस्ती. नांदूरघाटच्या त्या दुकानदाराला मी तिचा अंक वेगळा पाठवला आणि बाबूला वाचून दाखवायला सांगितले. बाबूच्या आईने तोवर धोका ओलांडला होता. दवाखान्यातून सुटल्यावर ती पंधरा दिवस सारजाबाईंकडे राहिली, औषध घेत राहिली आणि फुंकर मारल्यासारखा श्वास सोडायला शिकली. पुढे दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत नांदूरघाटहून दफेदारांकडे कोवळ्या कणसांचे ओझे येई.

अण्णांचे दोन पक्षकार गेले. घाटनांदूरचा (हे गाव नांदूरघाटाहून वेगळे) एक राहिला, कारण त्याचे काम चार दिवसांवर आले होते आणि दुसरा वकील शोधायला वेळ नव्हता.

ते काम पौषात निघाले. त्या सुनावणीला मी हजर होतो. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी उठून अदबीने सांगितले की वकीलसाहेबांची तब्येत नाजूक असल्याचे अखबारातच छापून आले आहे, तेव्हा त्यांना त्रास नको म्हणून पुढची तारीख द्यावी. कोर्टात हशा झाला. अण्णांनी तारीख नको म्हणून सांगितले आणि बहस सुरू केली. निम्म्यात छाती भरली. वाक्य तुटले. मुन्सिफांनी लेखणी खाली ठेवली.

अण्णांनी बसण्याची परवानगी मागितली. बसले. कोपर गुडघ्यांवर टेकले, मान खाली घातली आणि श्वास सोडू लागले. भिंतीवरच्या घड्याळात मी पाहिले. चार मिनिटे गेली. पक्षकार माझ्या शेजारी बसला होता, त्याने आपले मुंडासे काढून मांडीवर घेतले. मग अण्णा उठले, जिथे वाक्य तुटले होते तिथून ते उचलले आणि बहस शेवटपर्यंत केली. आम्ही पाहिलेली त्यांची ती पहिली पूर्ण बहस.

खटला ते हरले. बाहेर आल्यावर घाटनांदूरचा पक्षकार मुंडासे बांधत म्हणाला, "हरलो तर हरलो. पर मधी बसून परत उटनारा वकील म्या पैलाच बघितला. भावकीतलं दुसरं काम हाय, ते बी तुमीच चालवा, वकीलसाब."

दफेदार कोर्टात आले नव्हते. कोर्टात ते कधीच येत नसत. आम्ही त्यांना सगळे सांगितले. निकालाचे त्यांनी विचारले नाही.

"बसल्यावर किती झाले?"

"अठरा," अण्णा म्हणाले.

"मोजले?"

"मोजले."

"मंग भ्या कुटं हुतं?"

अण्णांनी आठवून पाहिले आणि म्हणाले, "मोजताना नव्हतं."

अण्णांनी त्यानंतर एकवीस वर्षे वकिली केली. दमा अखेरपर्यंत होता. तो त्यांच्या सोबत राहिला. त्यांच्या पुढे गेला नाही.

माझ्याबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. मी चार वर्तमानपत्रांत मिळून अडतीस वर्षे काम केले. आकडा लिहिताना दर वेळी थांबलो, श्वास सोडला आणि मग लिहिला. सकाळचा नाग, गाठोडे आणि जीन उतरवणे चालू आहे. कंबर कुरकुरत नाही, झोप लागते, आणि रागाच्या भरात लिहिलेले पत्र मी अजून एकही टपालात टाकलेले नाही. परवापरवापर्यंत मी हात न टेकता उठत होतो. आता एक हात टेकतो.

दफेदारांना मी शेवटचे पाहिले ते त्यांच्या ऐंशीच्या आसपास. सारजाबाई आधीच्या वर्षी गेल्या होत्या. पडवी रिकामी होती. दफेदारांचे पाय सुजले होते आणि डॉक्टरांनी हृदय थकल्याचे सांगितले होते. ते औषध घेत होते, वेळच्या वेळी. कडुनिंबाखाली सकाळी पाच-सहा माणसे बसलेली होती. त्यांना उठवून ते मला म्हणाले, "चला, अखबारवाले. हौदापोत जाऊ."

मी नको म्हणालो. ते उठले. एक हात माझ्या खांद्यावर, एक काठीवर. आम्ही चाललो. मी पावले मोजत नव्हतो, त्यांचे श्वास मोजत होतो. खांद्यावरच्या हातातून ते कळत होते. हौदाच्या कडेला ते टेकले. पाण्यावर निंबाची पाने पडली होती.

"किती?" त्यांनी विचारले.

"बावीस."

त्यांनी श्वास सोडला. मग माझ्याकडे पाहून हसले.

"तेवीस. त्या दगडापाशी एक चोरला म्या. लिवायचं झालं तर तेवीस लिवा."